डेटाबेसवरची गर्दी आधी ओळखायची नवी सोय: ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार मंडळी,

तुमचं बिलिंग, स्टॉक, ऑनलाइन ऑर्डर, बुकिंग असं जे काही आम्ही इथे पुण्यात बसून सांभाळतो, त्यात "आज सिस्टिम फारच स्लो चाललीय" हा फोन कधी येणार ते आता पाठ झालंय. टॅक्स सल्लागारांचा फोन महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर, कारण जीएसटीआर-१ आणि ३बी भरायची मुदत. क्लासवाल्यांचा दहावीचा निकाल लागला की, आणि मिठाईवाल्यांचा गणपतीच्या आदल्या दिवशी. गर्दी एवढी ठरलेली असून सर्व्हर मात्र दरवेळी बेसावध सापडतो आणि ऐन कामाच्या वेळी तुमची आमची दोघांची धावपळ होते. म्हणून आता मशीन लर्निंग (जुन्या आकड्यांवरून शिकून अंदाज काढणारा प्रोग्राम, त्यालाच मॉडेल म्हणतात) वापरून ही गर्दी आधी ओळखायची आणि तयारी करून ठेवायची असं सुरू करतोय. तुमच्या डेटाबेसला हात लावायचा तर तो कसा आणि कशासाठी हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, म्हणून हे सविस्तर.

आधी बघायचं काय?

तुमचं ॲप दिवसभरात डेटाबेसला ढिगाने प्रश्न विचारतं, त्यालाच क्वेरी म्हणतात, पण त्यांचे प्रकार मोजकेच असतात. "अमुक गिऱ्हाइकाची बाकी दाखव" यात गिऱ्हाईक बदलतं, प्रश्नाचा साचा तोच. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा भाग आहे, ते क्वेरीतले आकडे आणि नावं काढून फक्त साचा ठेवतं आणि तो किती वेळा चालला ते मोजतं, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये हेच काम परफॉर्मन्स स्कीमा ही आतली सोय करते. हा आकडा नुसता वाढत जातो, म्हणून आम्ही दर काही मिनिटांनी त्याची नोंद घेतो आणि आधीची नोंद वजा करतो, की तेवढ्या वेळात काय झालं ते कळतं. मग जे साचे एकत्र वाढतात आणि एकत्र उतरतात त्यांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाचा पुढच्या तासाचा, दिवसाचा, आठवड्याचा अंदाज काढायचा.

ही पद्धत आमच्या डोक्यातून आलेली नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी २०१८ मध्ये क्वेरीबॉट ५००० या नावाने ती मांडली. त्यांनी ज्या खऱ्या ॲपच्या क्वेरी वापरल्या त्यात एक बस कुठे आहे ते दाखवणारं होतं, सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या वेळेला गर्दी, आणि एक विद्यापीठ प्रवेशाचं, वर्षभर थंड आणि शेवटच्या तारखेच्या आधी एकदम उसळी. रोजची लय साध्या लिनियर रिग्रेशनला आणि एलएसटीएमला (अंदाज काढायच्या दोन पद्धती) सापडते, पण वर्षातनं एकदा येणारी उसळी त्यांच्या हातून निसटते, म्हणून तिच्यासाठी त्यांनी कर्नल रिग्रेशन ही तिसरी पद्धत वेगळी ठेवली. पीएमपीएमएलच्या बसने जाणाऱ्याला आणि अकरावीचा फॉर्म भरलेल्याला हे दोन्ही प्रकार वेगळे समजावून सांगायला नकोत.

आपल्याकडे खरी गंमत कॅलेंडरची आहे, आणि इथे बाहेरचं तयार टूल जसंच्या तसं लावून चालत नाही. गणेश चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. नुसत्या इंग्रजी तारखा शिकलेलं मॉडेल २०२५ मध्ये ७ सप्टेंबरची तयारी करत बसलं असतं, आणि त्या वर्षी अनंत चतुर्दशीच ६ तारखेला होती, म्हणजे विसर्जन उरकल्यावर सर्व्हर मोठा! म्हणून आम्ही मॉडेलला "चतुर्थीला किती दिवस उरले", "पितृपक्ष चालू आहे का" असे पंचांगाचे कॉलम देतो. मंगल कार्यालयवाल्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं, २०२६ मध्ये १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, त्यात लग्नाचे मुहूर्त नाहीत, आणि आदल्या वर्षीचा मे बघून अंदाज काढला तर तो साफ चुकणार. सराफांसाठी गुरुपुष्यामृत, तेही असंच.

अंदाज आल्यावर लागणारे इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखे, नोंद पटकन शोधून देणारे) आम्ही आधीच रात्री बांधून ठेवतो, तेही काम न थांबवता. सीझन संपला की काढून टाकतो, कारण प्रत्येक इंडेक्समुळे नवीन एंट्री थोडी सावकाश होते आणि डिस्कही खर्ची पडते. बॅकअप आणि जड रिपोर्ट शांत वेळेला सरकवतो. क्लाउडवर असाल तर गर्दीपुरताच सर्व्हर मोठा करायचा, वर्षभराचं भाडं कशाला?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, प्रत्येकाला भारी मॉडेल लागतंच असं नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या डेटाबेसच्या बॅकअपसाठी शांत वेळ शोधायला असंच काम केलं, तिथे "काल होतं तसंच आज" हा साधा नियमच पुरेसा चांगला निघाला. त्यामुळे आम्ही आधी "मागच्या आठवड्याच्या याच वारी काय होतं" एवढंच लावून बघतो, मॉडेल त्याच्यापेक्षा चांगलं निघालं तरच ते वापरायचं. आणि मुळात क्वेरीच वाईट लिहिलेली असेल तर अंदाजाने ती फास्ट होणार नाही, ती दुरुस्तच करावी लागते.

गिऱ्हाइकांची नावं, मोबाईल नंबर, रकमा यातलं काहीही आम्ही या कामासाठी गोळा करत नाही, फक्त साचे आणि किती वेळा चालले तो आकडा.

तुमच्याकडून काय हवं?

पोस्टग्रेसवाल्यांकडे हे एक्स्टेन्शन आधी चालू नसेल तर एकदा सर्व्हर रीस्टार्ट करावा लागेल, त्यासाठी तुमच्या सोयीची रात्र सांगा. पहिले काही आठवडे आम्ही नुसतं बघणार, काहीही बदलणार नाही. नवीन मॉड्यूल सुरू करताय, ऑफर काढताय, व्हॉट्सॲपवर सगळ्या गिऱ्हाइकांना सेलचा मेसेज पाठवताय, तर आधी आम्हाला कळवा, हे कुठल्याच मॉडेलला जुन्या आकड्यांतून कळणार नाही. तुमच्या धंद्याच्या खास तारखांची यादी द्या, मग ती गावच्या जत्रेची का असेना. आणि मागच्या वर्षीचे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, पडलेले असतील तर जागा होत नाही म्हणून डिलीट करू नका, आधी आम्हाला द्या, वर्षातनं एकदाच येणारी गर्दी त्यांच्याशिवाय शिकता येत नाही.