लागोसचा ठेका, ब्रुकलिनची टेप

बुडोस बँडची एखादी धून लावली की कानात आधी भरतो तो बॅरिटोन सॅक्सोफोन. खर्जातला, जरा खरखरीत. त्यामागे कोंगा ढोल, मण्यांनी गुंफलेल्या भोपळ्याचा शेकेरे, ऑर्गन. गायक नाहीच. ऐकणाऱ्याला वाटावं, सत्तरच्या दशकातली आफ्रिकेतली एखादी तबकडी कुणीतरी धूळ पुसून लावली आहे. प्रत्यक्षात मंडळी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडची आणि पहिला अल्बम २००५चा.

हा नाद म्हणजे आफ्रोबीट, मूळचा नायजेरियातल्या लागोसचा. त्याचा जनक, गायक-वादक फेला कुटी १९५८ साली लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीत शिकायला गेला, परतल्यावर हायलाइफ हे पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत आणि जॅझ यांची सांगड घालू लागला. १९६९च्या अमेरिका दौऱ्यात तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीच्या विचारांनी तो झपाटला. अमेरिकी गायक जेम्स ब्राउनचं फंक, म्हणजे ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत, तेव्हा नायजेरियातही गाजत होतं. १९७०मध्ये ब्राउनचा ताफा लागोसला आला, तेव्हा त्याचे वादक फेलाला ऐकायला त्याच्या क्लबात गेले. देवाणघेवाण दोन्हीकडून होती, हे विसरून चालणार नाही.

पण आफ्रोबीटचा कणा म्हणजे फेलाचा ड्रमर टोनी ॲलन. ब्राउनच्या फंकमध्ये सगळं वजन पहिल्या मात्रेवर पडतं. ॲलन ते वजन वाटून टाकतो. हेडफोन लावून फक्त त्याचा बेस ड्रम ऐकत राहा: जिथे ठोका पडेल असं वाटतं तिथे तो पडत नाही, जरा अलीकडे किंवा पलीकडे पडतो. वर हाय-हॅटच्या झांजा आपल्याच नादात, स्नेअर ड्रम आणखी तिसरंच काही बोलत असतो. तरीही लय तसूभर हलत नाही. समेवर मान हलवायची सवय असलेल्या आपल्या कानांना हे उमगायला वेळ लागतो, आणि एकदा उमगलं की सुटत नाही.

फेलाच्या गाण्यांत शब्द यायच्या आधी कित्येक मिनिटं नुसती वाद्यं वाजतात. मग येणारे शब्द मात्र जाळणारे. सैनिकांना ‘झॉम्बी’ म्हणणारं गाणं आलं आणि फेब्रुवारी १९७७मध्ये सैनिकांनी त्याचं घर पेटवलं. त्याच्या वृद्ध आईला खिडकीतून फेकलं. पुढच्याच वर्षी ती गेली.

बुडोसच्या संगीताचा दुसरा झरा अदिस अबाबाचा. तिथल्या मुलातू आस्ताके या संगीतकाराने व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य आणि जॅझची स्वररचना इथिओपियाच्या पाच सुरांच्या स्वरमालिकांत आणली. त्यातल्या ‘तिझिता’ या स्वरमालिकेच्या एका प्रकाराचे सूर थेट आपल्या भूपाचे आहेत, चलन मात्र अगदी वेगळं. १९७४मध्ये लष्करी राजवट आली, संचारबंदीने रात्रीचे क्लब ओस पडले. त्या काळचं रेकॉर्डिंग जगभर पोचलं ते पुढे ‘एथिओपिक्स’ मालिकेतून. तिचा मुलातूला वाहिलेला चौथा भाग १९९८चा.

त्याच वर्षी, फेला जाऊन एक वर्षही झालं नव्हतं तेव्हा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अँटिबालास हा आफ्रोबीट बँड उभा राहिला. त्यात सुरुवातीपासून असलेल्या गेब्रिएल रॉथने पुढे नील शुगरमनबरोबर डॅपटोन ही रेकॉर्ड कंपनी काढली, बुडोसचे अल्बम तिचेच. ब्रुकलिनच्याच बुशविक भागातल्या एका जुन्या घरात स्टुडिओ, आणि रेकॉर्डिंग आठ ट्रॅकच्या टेपवर. आठच ट्रॅक म्हणजे कुठलं वाद्य कुणाबरोबर एका ट्रॅकवर जाणार हे वाजवण्याआधीच ठरवायचं. ड्रमचा आवाज पितळी वाद्यांच्या माइकमध्ये झिरपतो, एक चुकला तर बहुतेकदा सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. लागोसच्या वादकांपुढे दुसरा पर्याय नव्हता. यांनी ही बंधनं हौसेने स्वीकारली. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’ अल्बममागचा जुना पोत याच घरातल्या वादकांचा आहे.

अँटिबालासने शब्दही ठेवले, राजकारणही. बुडोसने फेलाच्या गाण्यांचा तो आधीचा, बिनशब्दांचा भाग घेतला, त्यावर इथिओपियाचे सूर चढवले आणि तीन-चार मिनिटांत आटोपतं घेतलं. बुडोसच्याच गिटारवादक टॉमी ब्रेनेकच्या मेनाहान स्ट्रीट बँडची एक बिनशब्दांची धून रॅपर जे-झीने २००७मध्ये आपल्या गाण्याखाली घेतली, तेव्हा त्या मोकळ्या जागेचा उपयोग कळला: शब्द नसलेल्या संगीतावर कुणीही आपली गोष्ट सांगू शकतो. मला मात्र यात काहीतरी हरवल्याची खंत वाटते. ज्या शब्दांसाठी घर जळलं, ते वगळून उरलेला ठेका सुखाने नाचता येईल असा होतो.

म्हणूनच बुडोसचा २०१४चा ‘बर्न्ट ऑफरिंग’ मला त्यांचा सर्वांत प्रामाणिक अल्बम वाटतो. त्यात त्यांनी ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या वळणाची जडशीळ, फझने आवाज खरखरीत केलेली गिटार पुढे आणली. स्टेटन आयलंडची पोरं लहानपणी जे ऐकत वाढली, ते अखेर त्यांच्या संगीतात उतरलं. शेकेरे अजून वाजतोच आहे, पण आता तो लागोसची नक्कल करत नाही.