लाल भुकटी, गरम ठिपका आणि दुप्पट वारंवारता

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये शाफ्टवरून बेअरिंग उपसलं की ते बसतं त्या सीटवर लालसर भुकटी दिसते आणि तिला सर्रास गंज म्हणतात. ते लोहाचं ऑक्साइडच असतं, पण पाण्याने आलेलं नव्हे. काही मायक्रॉनांच्या थरथरीने घासून निघालेलं. थकवा-चाचणीच्या, म्हणजे धातूवर भार पुन्हापुन्हा देऊन पाहण्याच्या यंत्रात नमुना पकडतात तिथे ही भुकटी १९११ मध्ये नोंदली गेली. पुढे ‘फ्रेटिंग कोरोजन’ (बारीक थरथरीची घासण ती फ्रेटिंग, कोरोजन म्हणजे गंजणं) हे नाव रुळलं आणि गंजाचा गैरसमज पक्का झाला. सांधा पुरता घसरला तर झीज जास्त होते. मधला भाग चिकटून नुसत्या कडा घसरल्या तर भुकटी थोडी निघते, पण भेग तिथेच पडते: आधी तिरकी, मग ताणाला काटकोनात.

ही भेग तापमानावरून शोधता येते का, हा प्रश्न. ताणलेला धातू किंचित थंड होतो, दाबलेला किंचित गरम; हा नियम १८५० च्या दशकातला. पोलादात १ मेगापास्कलला जेमतेम १ मिलिकेल्विन (अंशाचा हजारावा भाग) फरक पडतो. १९८० च्या दशकात उष्णता टिपणारा एकच संवेदक बिंदूबिंदूने फिरवून ताणाचं चित्र उभं करत. १९९० नंतर संवेदकांच्या जाळीचे कॅमेरे आले आणि तासांचं काम मिनिटांवर आलं.

बडोद्यात थर्मल कॅमेरा ओळखीचा आहे तो ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमुळे (तार जिथे जोडतात तो इन्सुलेटर): गरम ठिपका दिसला की जोड सैल. फ्रेटिंगमध्ये गरम ठिपका म्हणजे बहुधा नुसतं घर्षण. भेगेचा माग भाराच्या वारंवारतेवर, म्हणजे भाराच्या प्रत्येक चक्रागणिक होणाऱ्या तापमानाच्या चढउतारात लागतो. २० मिलिकेल्विन गोंगाटाच्या कॅमेऱ्याच्या १०,००० फ्रेम भाराच्या सिग्नलशी जुळवल्या की गोंगाट पाव मिलिकेल्विनच्या आसपास उतरतो.

खरा वाद दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे भाराच्या एका चक्रात दोनदा होणाऱ्या चढउताराचा. साध्या थकवा-चाचणीत तिथली उष्णता म्हणजे धातूच्या आत सुरू झालेलं नुकसान, असं वाचण्याची पद्धत पडली आणि ती फ्रेटिंगला जशीच्या तशी लावली गेली. इथे ती फसते. नमुन्यावर दाबलेला पॅड एका चक्रात जाताना एकदा आणि येताना एकदा घासतो, म्हणजे भेग नसतानाही उष्णता दोनदा निघते. त्यामुळे दुप्पट वारंवारतेचा सिग्नल वाढला म्हणून ‘भेगेची सुरुवात’ जाहीर करणं घाईचं. मूळ वारंवारतेचा आयाम (चढउताराचा आकार) आणि कला (फेज, म्हणजे भाराच्या तुलनेत चढउतार किती मागेपुढे) संपर्काच्या कडेजवळ एकत्र बदलली, तर पुरावा वजनदार; तोही भेग ताणाची वाट बदलण्याइतकी वाढल्यावरचा, उगमाचा नव्हे.

कॅमेऱ्याला संपर्काची फक्त बाजू दिसते. तिथे मॅट काळा रंग दोन पातळ हातांत, एकूण २०–३० मायक्रॉन. जाड थर उष्णता मागे ओढतो आणि कला सरकते. कडेला रंग उडाला की चकाकता धातू शेडमधली हॅलोजन परावर्तित करतो, आणि भलतीच ‘भेग’ सापडते.