एका पुस्तकावर लेखकाचे आयुष्य उभे राहते का?

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी वाचकांत अनेक वर्षांपासून असा समज रूढ आहे की, एक पुस्तक गाजले की लेखक कायमचा मार्गी लागतो आणि पुढचे लेखन केवळ हौसेपुरते उरते. हा समज हिशेबातही टिकत नाही आणि आपल्याच भागातील लेखकांच्या वाटचालीकडे पाहिल्यावरही टिकत नाही.

मानधन बहुधा विकल्या गेलेल्या प्रतींवर, छापील किमतीच्या ठरावीक टक्क्यांनी मिळते. ३०० रुपयांच्या पुस्तकाची १,००० प्रतींची आवृत्ती पूर्ण संपली आणि दर १० टक्के धरला, तरी लेखकाच्या हाती ३०,००० रुपये पडतात. तेही आवृत्ती संपायला जितकी वर्षे लागतील तितक्या वर्षांत मिळून.

कोवाडच्या रणजित देसाई यांचे उदाहरण या समजाच्या बाजूने हटकून दिले जाते. १९६२ च्या ‘स्वामी’ने त्यांना घरोघरी पोचवले, हे खरेच, परंतु बेरड समाजाच्या जीवनावरील ‘बारी’ त्याआधीच आली होती आणि ‘श्रीमान योगी’, ‘राधेय’ नंतर आल्या.

बेळगावात अध्यापन करणाऱ्या इंदिरा संत यांची वाट मला अधिक बोलकी वाटते. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ असे संग्रह येत राहिले आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९८४ मध्ये, ‘गर्भरेशीम’साठी, वयाच्या सत्तरीत. १९४६ मध्ये पतीचे निधन झाल्यावर संसाराचा भार त्यांच्या शिक्षकी पेशानेच पेलला होता, आणि कविता त्या काळातही थांबली नव्हती.