नाशिकहून कुत्र्याला परदेशी न्यायचंय? व्हिसाची बोलणी सुरू झाली की आधी चिप बसवा

गेल्या वर्षभरात गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोड अशा सगळीकडून ओळखीच्यांचे फोन आलेत आणि प्रत्येकाचा प्रश्न जवळपास तोच, की पुढच्या महिन्यात जॉइनिंग आहे, तिकीट काढलंय, आता कुत्र्याचं काय काय करावं लागेल. तेव्हा फार वाईट वाटतं, कारण युरोपला जायचं असेल तर पुढच्या महिन्यात ते होतच नाही. माणसाचा व्हिसा दीड-दोन महिन्यांत येतो, कुत्र्याच्या कागदांना साडेचार-पाच महिने लागतात, आणि हे उशिरा कळल्यामुळे चांगल्या घरातली कुत्री शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी फार्महाऊसवर सोडली जातात. म्हणून आमच्या चिकूच्या वेळी जे जे केलं ते सगळं लिहून काढतेय. चिकू म्हणजे आमचा गावठी कुत्रा, वजन १८ किलो, माझ्या ताईचा. ताई म्युनिकला नोकरीला गेली त्यामुळे जर्मनीचं सविस्तर लिहिते, बाकी देशांचं पुढे थोडक्यात.

पहिली गोष्ट पात्रतेची. युरोपियन युनियनने रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांच्या याद्या केल्यात आणि भारत त्यांत नाहीये, म्हणून आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्या-मांजराला लसीच्या वर एक रक्ताची टेस्ट जास्तीची लागते. जाती-बिती बघायच्या तर जर्मनीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर आणायला बंदी आहे, गावठीला काहीच अडचण नाही, उलट कागदावर सरळ मिक्स्ड ब्रीड लिहिता येतं. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर असली चपट्या नाकाची जनावरं असतील तर देशाच्या आधी एअरलाइनला विचारा, कारण त्यांना विमानात श्वासाचा त्रास होतो आणि बऱ्याच कंपन्या त्यांना होल्डमधून, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेतून, नेतच नाहीत.

आता मुख्य साखळी, आणि हिच्यात क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून. आधी मायक्रोचिप, म्हणजे कुत्र्याचा ओळख नंबर असलेली बारीकशी चिप. ती १५ आकडी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ प्रमाणे चालणारी हवी, मानेमागे कातडीखाली इंजेक्शनसारखीच बसवतात, दोन मिनिटांचं काम. चिप बसल्यावर, म्हणजे त्याच दिवशी किंवा त्यानंतर, रेबीजची लस. पिल्लू असेल तर ते किमान १२ आठवड्यांचं पाहिजे. लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त काढायचं, ते रेबीज अँटीबॉडी टायटर टेस्टला (लसीने रक्तात रेबीजविरुद्ध पुरेशी ताकद आली का हे बघणारी टेस्ट) पाठवायचं, रिपोर्टमध्ये आकडा ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याच्या वर आला पाहिजे, आणि रक्त काढल्या दिवसापासून पूर्ण ३ महिने झाल्याशिवाय युरोपात प्रवेश नाही. इथे लोकांचा गोंधळ होतो, त्यांना वाटतं रिपोर्ट आल्यापासून ३ महिने, तसं नाही, रक्त काढल्याची तारीख धरतात. त्यामुळे रिपोर्टला तीन आठवडे लागले तरी ते त्या ३ महिन्यांतच जिरतात.

आमचं चुकलं ते चिपच्या क्रमात. चिकूला दर जानेवारीत रेबीजची लस व्हायची, बुकलेट एकदम व्यवस्थित, म्हणून आम्ही निवांत होतो. मार्चमध्ये ताईचं पक्कं झालं तेव्हा चिप बसवायला नेला आणि तिथे कळलं की चिपच्या आधीची लस युरोपवाले धरतच नाहीत, कारण ती लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करणारा नंबर तेव्हा त्याच्या अंगात नव्हता. मग १४ मार्चला आधी चिप, लगेच पुन्हा रेबीज. १६ एप्रिलला रक्त काढलं, म्हणजे १६ जुलैच्या आधी जाणं शक्यच नाही, आणि ताईचं जॉइनिंग १ जूनचं. जानेवारीच्या लसीआधी चिप बसवली असती आणि फेब्रुवारीत रक्त काढलं असतं तर चिकू ताईबरोबरच गेला असता. हे मला अजून लागतं. कुत्रा परदेशी जाईल की नाही हे ठरलेलं नसलं, नुसती घरात चर्चा असली, तरी पुढच्या रेबीज लसीच्या आधी चिप बसवून घ्या, नुकसान काहीच नाही आणि हरवला तरी कामाला येते.

टायटरबद्दल अजून थोडं. लॅब कुठलीही चालत नाही, युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबची यादी त्यांच्या साइटवर आहे, त्यातलीच पाहिजे, आणि बहुतेक वेळा सॅम्पल देशाबाहेर कुरियरने जातं. रक्त तसंच पाठवत नाहीत, सेंट्रीफ्यूज करून वरचं सीरम वेगळं काढतात आणि थंड ठेवून पाठवतात, म्हणून डॉक्टरला आधीच विचारा की सीरम वेगळं करायची सोय आहे का. ट्यूबवर आणि फॉर्मवर चिपचे १५ आकडे स्वतः वाचून, बोट ठेवून जुळवा. एक आकडा चुकला तर रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो. आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरला आधी चिप स्कॅन करायला सांगा, मग लस किंवा सुई.

ताई पुढे गेली आणि चिकू मागे राहिला तेव्हा पाच दिवसांचा नियम कळला. मालकाच्या प्रवासाच्या आगे-मागे ५ दिवसांत जनावर गेलं तरच ते घरगुती प्रवासात धरतात, मग ते मालकाबरोबर जावो किंवा मालकाने लेखी अधिकार दिलेल्या माणसाबरोबर. त्यापेक्षा जास्त अंतर पडलं की व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात आणि ते बरेच कडक आहेत. मग ताईने सरळ सुट्टी टाकली, जुलैमध्ये आठ दिवस आली आणि चिकूला घेऊनच परत गेली. तिकिटाचा खर्च झाला, पण ज्याला सहा वर्षं उशाशी घेऊन झोपलात त्याच्यासाठी एवढं करावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या दहा दिवसांतलं काम म्हणजे सरकारी सर्टिफिकेट. आपल्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतंच, त्यावर त्यांचा सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर, पण युरोपला तेवढं चालत नाही. केंद्र सरकारची अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस म्हणून यंत्रणा आहे, सगळे एक्यूसीएस म्हणतात, पशुसंवर्धन विभागाच्या खाली येते, आणि तिचं आपल्याला जवळचं स्टेशन मुंबई. नाशिकमध्ये हे काम होत नाही. ओझरहून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्यात हे खरं, पण घरच्या कुत्र्यासाठी मुंबईच गाठावी लागते. एक्यूसीएसचे अधिकारी निर्यातीचं हेल्थ सर्टिफिकेट देतात आणि युरोपचा ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म सही-शिक्क्यानिशी पक्का करतात. तो फॉर्म इंग्लिशमध्ये आणि ज्या देशात उतरणार त्याच्या भाषेत, म्हणजे आमच्या बाबतीत जर्मनमध्ये पाहिजे. सही झाल्यापासून १० दिवसांत युरोपात उतरायचं, नाहीतर तो संपला. म्हणून फार लवकर जाऊनही उपयोग नाही.

आम्ही बरोबर नेलेले कागद सांगते. ताईच्या पासपोर्टची कॉपी, व्हिसा, विमानाचं तिकीट, चिपचं सर्टिफिकेट ज्यावर नंबर आणि बसवल्याची तारीख आहे, लसीचं बुकलेट ज्यात लसीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, दिल्याची तारीख आणि कधीपर्यंत चालेल ती तारीख, टायटरचा मूळ रिपोर्ट, आपल्या डॉक्टरचं ताजं सर्टिफिकेट, चिकूचे समोरून आणि बाजूने फोटो, आणि युरोपच्या फॉर्मसोबतचं मालकाचं घोषणापत्र, की हे जनावर विकायला नेत नाही. मालकाऐवजी दुसरं कुणी जाणार असेल तर अधिकारपत्र. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मालकाचं नाव सगळीकडे पासपोर्टसारखंच स्पेलिंगमध्ये हवं, आमच्या बुकलेटवर ताईचं माहेरचं आडनाव होतं ते डॉक्टरांकडून आधीच दुरुस्त करून शिक्का मारून घेतला. आमच्या वेळी चिकूलाही समोर उभं करावं लागलं, त्यांनी चिप स्कॅन करून नंबर जुळवला, म्हणून मुंबईच्या दोन फेऱ्या धरूनच चाला. पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा नसतो, आम्ही फ्लाइटच्या आदल्या दिवशीच निघून ठाण्याला मामांकडे मुक्काम केला आणि चिकूला रात्री शांत झोप मिळाली.

विमानाचं म्हणाल तर तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला जनावराचं कन्फर्मेशन मागा, कारण एका फ्लाइटमध्ये मोजकीच जनावरं घेतात. लुफ्तान्सामध्ये केबिनला पिशवी धरून ८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे मांजर किंवा छोटा पॉम जमतो, चिकूसारखा होल्डमध्येच. होल्ड म्हणजे बर्फाचं कपाट नव्हे, जिवंत जनावर असलं की तिथे हवेचा दाब आणि तापमान सांभाळतात. शक्यतो डायरेक्ट फ्लाइट घ्या, मधल्या देशात थांबा असेल तर तिथले नियमही बघावे लागतात. बेशुद्धीचं किंवा झोपेचं औषध देऊ नका, कितीही कुणी सांगितलं तरी, उंचीवर रक्तदाब आणि श्वास बिघडू शकतो आणि एअरलाइन गुंगीतलं जनावर घेत नाही.

पिंजरा आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, मापाचा हवा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्याचं अर्धं पहिल्यात मिळवा, ही लांबी. खांद्याची रुंदी दुप्पट करा. उंची म्हणजे उभा असताना कानाच्या टोकापर्यंत, वर अंथरुणाची जाडी. चिकू नाकापासून ७५ सेंटीमीटर, कोपर ३०, म्हणून लांबी ९०. चारी बाजूंनी हवेची भोकं, धातूचे नट-बोल्ट, बाहेरून भरता येतील अशी पाण्याची आणि खाण्याची भांडी, चाकं असतील तर काढलेली, आणि वर जिवंत प्राणी असं लेबल. पण माप जमलं म्हणून झालं नाही, त्याला त्यात राहायची सवय लागली पाहिजे. आम्ही मेपासून पिंजरा हॉलमध्ये दार काढून ठेवला, जेवण आतच, मग दार लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग रात्रभर. आत आईच्या जुन्या गोधडीचा तुकडा टाकला होता, तोच विमानातही गेला. पाण्याच्या भांड्यात आदल्या रात्री बर्फ जमवून ठेवला, म्हणजे चढवताना सांडत नाही आणि हळूहळू विरघळतं.

बाकी देश थोडक्यात. ब्रिटनलाही टायटर आणि ३ महिने, वर कुत्र्याला पोहोचायच्या २४ ते १२० तास आधी जंताचं औषध डॉक्टरकडून देऊन नोंद करावी लागते, आणि तिथे विमानाने जनावर कार्गो म्हणूनच जातं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदललेत, कुत्रा किमान ६ महिन्यांचा, चिप लसीच्या आधी, सीडीसी या त्यांच्या सरकारी आरोग्य संस्थेचा ऑनलाइन फॉर्म, आणि भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत असल्याने भारतात लस झालेल्या कुत्र्याला सरकारी डॉक्टरने पक्का केलेला लसीचा फॉर्म. टायटरही जोडा, त्याचं रक्त प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं हवं, नाहीतर तिथे २८ दिवस क्वारंटाइन. उतरायचंही ठरावीक विमानतळांवरच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला भारतातून थेट नेताच येत नाही, आधी त्यांनी मान्य केलेल्या देशात काही महिने काढावे लागतात, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी वर्षभर आधी बसून हिशोब करावा.

२४ जुलैला चिकू म्युनिकला उतरला. ताई कस्टम्सच्या लाल मार्गाने गेली, हिरव्याने जायचं नाही, जनावर दाखवावं लागतं. चिप वाचली, कागद बघितले, सोडलं. नंतर तिने तिथल्या पालिकेत कुत्र्याची नोंद करून कर भरला आणि तिथल्या डॉक्टरकडून युरोपचा पेट पासपोर्ट करून घेतला. रेबीजचा बूस्टर आधीच्या लसीची मुदत संपायच्या आत होत राहिला तर हीच टायटर टेस्ट पुढेही चालते, एक दिवस जरी खाडा पडला तरी रक्त, लॅब, ३ महिने सगळं पुन्हा. पुढच्या दिवाळीला दोघं नाशिकला यायचं म्हणतायत, आणताना एक्यूसीएसची एनओसी लागेल ती मी बघेन, पण १४ मार्चच्या आत त्याचा बूस्टर झाला का हे मी ताईला फेब्रुवारीपासूनच रोज विचारणार आहे.