निगेटिव्ह स्पेस बघून काढणं वेगळं, कागद मोकळा सोडणं वेगळं

जळगाव-धुळ्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करणारी पोरं बघतो ना, तेव्हा हा घोळ सारखा दिसतो. वस्तुचित्र कोपऱ्यात एवढंसं, बाकी अख्खा कागद कोरा, आणि विचारलं की उत्तर तयार, सर निगेटिव्ह स्पेस सोडलीय. अरे बाळा, ती मोकळी जागा झाली, तो मांडणीचा भाग. ड्रॉइंग शिकताना जी निगेटिव्ह स्पेस, म्हणजे वस्तूच्या भोवतीची आणि तिच्या फटींमधली जागा, वापरतात ती मापासाठी असते.

बैलगाडीचं चाक घ्या, तेही जरा बाजूने दिसणारं. चाक काढायला बसलं की डोकं लगेच सांगतं आरे सगळे सारखे असतात, आणि हात सूर्याच्या किरणांसारखे एकसारखे आरे मारून मोकळा होतो, समोर काय दिसतंय ते कोण बघतंय. म्हणून आरे काढूच नका. दोन आरे आणि वरची गोलाई यांच्या मधून जो मातीचा तुकडा दिसतो ना, फक्त त्याचा आकार काढा. नीट बघितलं तर कळतं की वर-खालचे तुकडे लांब आणि निमुळते आहेत, बाजूचे आखूड आणि पसरट. त्या तुकड्याचं डोक्यात आधीपासून काही ठरलेलं चित्र नसतं, म्हणून डोळा खरंच बघायला लागतो. आणि तुकड्याची कड तीच आऱ्याची कड, त्यामुळे तुकडे बरोबर आले की आरे आपोआप उभे राहतात. एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञाचं १९१५ चं फुलदाणी की दोन चेहरे वालं चित्र आठवा, तिथेही कड एकच असते, ती कुणाची मानायची एवढंच बदलतं.

चाकाच्या बाहेरची जागा काढायची तर पुठ्ठ्यात कागदाच्याच प्रमाणात चौकोनी खिडकी कापा, एक डोळा मिटून त्यातून बघा. खिडकीच्या कडेमुळे बाहेरची हवासुद्धा बंदिस्त आकार होते. अमेरिकेच्या बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे हे सगळं घरी बसून शिकणाऱ्यांपर्यंत पोचलं, आणि माझ्या मते नवशिक्याला याच्याइतकी उपयोगी दुसरी सवय नाही.

आता मांडणीतली मोकळी जागा. तापीच्या पात्रात एकच होडी, खाली डाव्या कोपऱ्यात, वर सगळं कोरं. इथे ती कोरी जागा चित्रात शेवटपर्यंत राहते, नदी केवढी मोठी ते तीच सांगते. आणि होडी तुम्ही चार बोटं उजवीकडे सरकवली तरी चित्र चुकत नाही, फक्त वेगळं होतं. चाकातला मातीचा तुकडा मात्र तसा सरकवून बघा, चाक लगेच वाकडं. जागा या दोन्हीपैकी कुठली आहे ते ओळखायचं तर मी हेच बघायला सांगतो, ती आपल्या मर्जीने बदलता येते की नाही.

एक अडचण आहे पण. भरताचं एकटं वांगं समोर ठेवलं तर त्यात फटच नाही, तिथे खिडकी लावून बाहेरचा आकार मिळेल पण वांग्याचा फुगीरपणा शेडिंगनेच येणार. म्हणून सुरुवात सायकल, खुर्ची, वाऱ्याने फाटलेलं केळीचं पान अशा फटींच्या वस्तूंनी करा, पान तोडून भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे हलणार नाही.