दीर्घ आजारानंतर कामावर परतताना मिळणारे रोजगारपूरक लाभ (ब्रिटन)

दीर्घकाळ आजारी असलेली व्यक्ती पुन्हा नोकरी धरते, तेव्हा सुरुवातीच्या काळात तिचे कामाचे तास, आणि म्हणून तिचे वेतनही, सहसा आजारापूर्वीपेक्षा कमी असते. ही तूट भरून काढण्यासाठी शासन वेतनाच्या जोडीने जी रक्कम देते, तिला रोजगारपूरक लाभ म्हणतात. बेकारभत्ता किंवा आजारभत्ता काम नसताना मिळतो. रोजगारपूरक लाभ काम चालू असताना मिळतो. या लाभांचा सलग इतिहास आणि तपशीलवार नियमावली ब्रिटनमध्ये आढळते, म्हणून ही नोंद मुख्यतः त्या देशातील व्यवस्थेची आहे.

अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या सामाजिक विम्यावरील १९४२ च्या अहवालातून उभी राहिलेली आणि ५ जुलै १९४८ पासून अमलात आलेली राष्ट्रीय विमा योजना माणसाला एकतर आजारी धरत असे, नाहीतर कामास समर्थ. कर्करोगावरील उपचार, पक्षाघात, मणक्याची शस्त्रक्रिया किंवा तीव्र नैराश्य यांतून माणूस असा एका दिवसात बाहेर पडत नाही. तो आठवड्यातून दोन दिवस काम करू शकतो, मग तीन; मध्येच एखादा महिना पुन्हा अंथरुणावर जातो. पुढच्या सात-आठ दशकांत या व्यवस्थेत झालेले बहुतेक बदल ही वस्तुस्थिती नियमांत बसवण्याच्या खटपटीतून आले आहेत.

पहिला स्वतंत्र प्रयत्न एप्रिल १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘डिसॅबिलिटी वर्किंग अलाउन्स’ या भत्त्याचा होता. आठवड्याला किमान १६ तास काम करणाऱ्या अपंग किंवा दीर्घ आजारी व्यक्तीला तो मिळे, परंतु अपेक्षेच्या मानाने फारच थोड्या लोकांनी त्यासाठी अर्ज केले. १९९९ मध्ये त्याची जागा करसवलतीच्या रूपातील लाभाने घेतली आणि एप्रिल २००३ पासून ‘वर्किंग टॅक्स क्रेडिट’ सुरू झाले. मुले नसलेल्या आणि अपंगत्व नसलेल्या प्रौढाला त्यासाठी आठवड्याला ३० तास काम करावे लागे. आजारातून परतणाऱ्याला १६ तास पुरत. याखेरीज ‘फास्ट ट्रॅक’ नावाची एक तरतूद होती. ज्याने किमान २० आठवडे आजारभत्ता किंवा आजारपणाचे वेतन घेतले आहे, ज्याचे अपंगत्व आणखी किमान सहा महिने टिकण्याची शक्यता आहे आणि ज्याचे वेतन त्यामुळे पूर्वीपेक्षा निदान २० टक्क्यांनी घटले आहे, त्याला अपंगत्वाचा वाढीव घटक मिळू शके. मात्र अर्ज ठरलेल्या मुदतीत करावा लागे. आजारामुळे कमाई किती घटली याची थेट दखल घेणारा इतका नेमका नियम नंतरच्या व्यवस्थेत राहिला नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती खरी हानी आहे. टॅक्स क्रेडिट ५ एप्रिल २०२५ रोजी कायमचे बंद झाले.

सध्याचा मुख्य लाभ म्हणजे २०१२ च्या कायद्याने आलेले ‘युनिव्हर्सल क्रेडिट’. एप्रिल २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरमधील ॲश्टन-अंडर-लाइन येथे त्याचे पहिले अर्ज घेण्यात आले. काम नसताना मिळणारा निर्वाहभत्ता, घरभाड्याचे साहाय्य आणि कामासोबतचे पूरक अनुदान हे सारे त्यात एकत्र केले आहे, त्यामुळे नोकरी लागली म्हणून एक लाभ बंद करून दुसऱ्यासाठी नवा अर्ज करावा लागत नाही. तासांची किमान अटही नाही. वेतन वाढेल तसा लाभ उतरत जातो. ज्याची काम करण्याची क्षमता मर्यादित असल्याचे वैद्यकीय मूल्यांकनात ठरले आहे, किंवा ज्याच्यावर मुलांची जबाबदारी आहे, त्याच्या वेतनातील ठरावीक रक्कम आधी वगळली जाते आणि उरलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. हे प्रमाण प्रारंभी ६५ पेन्स होते. २०१७ मध्ये ते ६३ आणि २०२१ च्या अखेरीस ५५ झाले.

२०२५-२६ च्या दरांनी एक उदाहरण पाहता येईल. पंचविशीपुढील एकट्या व्यक्तीला दरमहा ४००.१४ पौंड मूळ भत्ता, कामाची व कामाच्या तयारीचीही क्षमता मर्यादित ठरल्याने ४२३.२७ पौंडांचा आरोग्यघटक आणि समजा ६०० पौंड घरभाडे, असे एकूण १,४२३.४१ पौंड मिळत आहेत. तिने अर्धवेळ काम धरले आणि कर वगैरे वजा जाता महिन्याला ९०० पौंड हाती येऊ लागले. घरभाड्याचे साहाय्य घेणाऱ्यांसाठी वगळली जाणारी रक्कम त्या वर्षी ४११ पौंड होती. राहिलेल्या ४८९ पौंडांच्या ५५ टक्के, म्हणजे २६८.९५ पौंड, लाभातून कापले जातात. वेतन आणि उरलेला लाभ मिळून २,०५४.४६ पौंड होतात. म्हणजे ९०० पौंडांच्या कमाईतले ६३१ पौंड तिच्या पदरात राहिले. इंग्लंडमध्ये अशा व्यक्तीचे मासिक वेतन ९३५ पौंडांपर्यंत असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधेही मोफतच राहतात. रोज चार-पाच गोळ्या घेणाऱ्याच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

या व्यवस्थेत सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली आणि सर्वांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे पावलांचा क्रम. ज्याचे वैद्यकीय मूल्यांकन आधी झाले आहे, त्याने नंतर काम सुरू केले तर केवळ तेवढ्या कारणाने आरोग्यघटक जात नाही. परंतु ज्याने उमेद धरून मूल्यांकनापूर्वीच नोकरी सुरू केली आणि ज्याची कमाई आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाइतकी किंवा त्याहून अधिक झाली, त्याचे मूल्यांकन सहसा होतच नाही. त्याची क्षमता मर्यादित नाही असे गृहीत धरले जाते. दोघांचा आजार सारखा, कामाचे तास सारखे, तरी एकाला दरमहा शेकडो पौंड अधिक मिळतात. याला महत्त्वाचा अपवाद आहे तो ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ अर्थात ‘पिप’ घेणाऱ्यांचा. एप्रिल २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेला हा लाभ दैनंदिन जीवनातील अडचणींसाठी आहे; नोकरी आहे की नाही आणि उत्पन्न किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. तो मिळत असेल तर कमाई जास्त असतानाही मूल्यांकन करून घेता येते. स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी तेथील शासनाचा स्वतंत्र लाभ आहे. म्हणून कामाचा पहिला दिवस ठरवण्यापूर्वी पिपचा अर्ज आणि मूल्यांकन या दोन्ही बाबी तपासून घेणे अगत्याचे ठरते.

राष्ट्रीय विम्याची पुरेशी वर्गणी भरलेल्यांसाठी ‘एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स’ हा वेगळा भत्ता ऑक्टोबर २००८ पासून आहे. त्याच्या आजच्या वर्गणीवर आधारलेल्या रूपात जोडीदाराचे उत्पन्न किंवा घरातील बचत पाहिली जात नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मात्र दोन्ही पाहिले जातात आणि १६,००० पौंडांहून अधिक बचत असलेल्याला ते मिळत नाही. हा भत्ता चालू ठेवून ‘परमिटेड वर्क’ म्हणजे अनुमत काम करता येते: आठवड्याला सरासरी १६ तासांहून कमी, आणि २०२५-२६ मध्ये कमाई १९५.५० पौंडांपर्यंत. पूर्वी अशा कामाला ५२ आठवड्यांची मुदत होती. ती एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली. काम कळवावे मात्र लागते, आणि मर्यादा ओलांडली की भत्त्याचा हक्क जाऊ शकतो.

आजार उलटला तर काय, हा प्रश्न परतणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो. १९९८ मध्ये यावर चांगला उपाय योजण्यात आला होता: तेव्हाचा आजारभत्ता सोडून कामावर गेलेल्या व्यक्तीला ५२ आठवड्यांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास पूर्वीच्याच दराने भत्ता मिळे. २००६ मध्ये ही मुदत १०४ आठवड्यांची झाली आणि २०१२ मध्ये ते संरक्षण रद्द करण्यात आले. आता वर्गणीवर आधारलेल्या भत्त्यासाठी १२ आठवड्यांची जोडमुदत आहे, म्हणजे तेवढ्या काळात पुन्हा आजारी पडल्यास आधीचा आणि नवा दावा एकच धरला जातो. युनिव्हर्सल क्रेडिट वेतन वाढल्यामुळे शून्यावर गेले असेल, तर सहा महिन्यांच्या आत परतल्यास आरोग्यघटकासाठीची तीन महिन्यांची प्रतीक्षा पुन्हा करावी लागत नाही. रुग्णाला दोन वर्षांची हमी देऊन ती काढून घेणे हा निर्णय चुकीचाच होता, कारण वारंवार उलटणाऱ्या आजारांत सहा महिने फार थोडे असतात. २०२५ च्या कायद्याने एप्रिल २०२६ पासून नव्याने पात्र ठरणाऱ्या बहुतेकांचा आरोग्यघटक सुमारे निम्म्यावर आणला आहे, त्यामुळे हा प्रश्न आणखी तीव्र झाला आहे.

वेतनाच्या तारखाही त्रासदायक ठरतात. युनिव्हर्सल क्रेडिटचा लाभ दर महिन्याच्या ठरलेल्या कालखंडात हाती आलेल्या वेतनावरून मोजला जातो; दर चार आठवड्यांनी पगार होत असेल तर वर्षातून एकदा एकाच कालखंडात दोन पगार येतात आणि त्या वेळचा लाभ एकदम घटतो. मासिक वेतनाचे दोन पगार सुट्ट्यांमुळे एकाच कालखंडात मोजले गेलेल्या चार एकल मातांच्या बाजूने अपील न्यायालयाने जून २०२० मध्ये निकाल दिला आणि त्यानंतर नियम बदलले. हा बदल मासिक वेतनापुरताच आहे.

पैशाखेरीज इतर आधारही याच वाटेवरचे आहेत. एप्रिल २०१० पासून आजाराच्या जुन्या दाखल्याऐवजी ‘फिट नोट’ आली आणि ‘काही बदल केल्यास काम करू शकेल’ असे लिहिण्याची सोय डॉक्टरांना झाली. २०१० च्या समता कायद्यानुसार मालकाने अपंग कर्मचाऱ्यासाठी वाजवी बदल करणे बंधनकारक आहे आणि कर्करोगाचा रुग्ण निदानाच्या दिवसापासून या कायद्याच्या कक्षेत येतो. १९९४ पासूनच्या ‘ॲक्सेस टू वर्क’ योजनेतून विशेष खुर्ची, टॅक्सीचे भाडे किंवा मदतनीस यांचा खर्च मिळू शकतो.

ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी भाषकांना, मग ते परिचारिका असोत, डॉक्टर असोत की संगणक अभियंते, युनिव्हर्सल क्रेडिट आणि पिप सहसा मागता येत नाहीत, कारण त्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असते. परंतु मालकाकडून मिळणारे वैधानिक आजारवेतन आणि विमावर्गणीवर आधारलेला भत्ता त्या निधीत मोडत नाहीत. अनेकजण या अटीच्या धाकाने हक्काचा भत्ताही मागत नाहीत. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर ही अट उरत नाही.

भारतात याला समांतर लाभ नाही. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने आजारलाभ वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवस आणि क्षयासारख्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत दिला. तथापि ज्या दिवशी कामगार काम करतो त्या दिवसाचा आजारलाभ त्याला मिळत नाही. अर्धा दिवस कामावर आणि अर्धा दिवस विश्रांतीत घालवणाऱ्या कामगारासाठी त्या कायद्यात जागा नव्हती.