व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे शिक्षकांचा अभ्यासगट नव्हे

ग्रुप काढला की शिक्षक एकमेकांकडून शिकू लागतात, हा समज नागपूरकडेही घट्ट आहे. तसं होत नाही. तिथे परिपत्रकं आणि शुभेच्छा फिरतात. ‘माझ्या वर्गाला हातच्याची वजाबाकी जमत नाही’ हे ग्रुपमधल्या केंद्रप्रमुखांसमोर, म्हणजे शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर, कोण लिहिणार?

हिंगणा किंवा कामठीतल्या जवळजवळच्या शाळांतले पाच-सहा जण पंधरवड्याला 45 मिनिटं बसले तरी पुरे. प्रत्येकाने मुलांच्या तीन वह्या आणायच्या, नावं झाकून. 52 − 27 = 35 दिसलं, तर मुलाने 7 मधून 2 वजा केलेत; दशक सुटा केलाच नाही. मग वर्गात काड्यांचा दहाचा गठ्ठा सोडून दाखवायचा आणि पुढच्या बैठकीला तीच वही परत आणायची. ही दुसरी खेप चुकली, की गट नुसत्या गप्पांवर येतो.